व्यक्तिमत्त्वाचाही क्लास लावा

वय वर्षं १७. आजवर विजेचं एक बिल भरलेलं नाही, बँकेच्या रांगेत उभं राहिलेलं नाही, भाजीवाल्याशी एकदाही घासाघीस केलेली नाही. अशा मुलाला अमेरिकेतली नामांकित कॉलेजं विचारतात, आयुष्याने तुला काय शिकवलं ते सांग. ६५० शब्दांत. पुढचा एक शब्दही अर्ज गिळत नाही. आणि लिहायचं ते अगदी मनापासून हवं. 'अजून काही शिकवलेलं नाही, मी बारावीत आहे' हे खरं तर सर्वांत मनापासून आलेलं उत्तर. ते लिहिणाऱ्याचा नंबर कुठेही लागत नाही.

दरवर्षी १ ऑगस्टला हा अर्ज उघडतो. नाव कॉमन ॲप्लिकेशन, लाडाने कॉमन ॲप. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून ठरवलं, पोरांना प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज कशाला, एकच काढू. आता हजाराहून जास्त कॉलेजं त्यात आहेत आणि एका मुलाला २० ठिकाणी अर्ज करता येतो. सोय झाली की गर्दी होणारच. हार्वर्डकडे २०२४च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले, घेतले १,९३७. म्हणजे शंभरात साडेतीन. उरलेल्या बावन्न हजारांमध्ये वर्गात पहिले आलेले किती असतील ते मोजायच्या भानगडीत पडू नका, झोप जाईल.

एवढ्या गर्दीत उठून दिसायचं कसं? अर्जात त्याची व्यवस्था आहे. उपक्रमांचे १० रकाने. प्रत्येकात पदासाठी ५० अक्षरं, काय काय केलं त्यासाठी १५०, मोकळ्या जागा धरून. (एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे आणि तिथे फक्त चारच उपक्रम मागतात. चारच! पालक हवालदिल होतात, उरलेले सहा कुठे घालायचे?)

अमेरिकेत एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंतच्या आपल्या मराठी घरांत सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन महिने या दीडशे अक्षरांवर खर्ची पडतात. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत मसालेभात वाढणारा पोरगा 'फूड लॉजिस्टिक्स लीड' होतो. ढोल पथकात मागच्या रांगेत टोल चुकवणारी मुलगी होते 'पर्कशन सेक्शन हेड'. रविवार सकाळच्या मराठी शाळेत आई ज्याला हाताला धरून नेऊन सोडायची, तो 'हेरिटेज लँग्वेज ॲडव्होकेट'. मुलं मुळात बरी असतात, त्यांना हे लिहिताना लाज वाटते. बाबांना वाटत नाही. 'सगळं ठीक आहे रे, पण लीडरशिप दिसत नाहीये.' पोरगा कशाचा तरी अध्यक्ष हवाच. इथे मंडळं फोडण्याचा आपला जुना छंद उपयोगी पडतो. जितकी मंडळं, तितके युवा अध्यक्ष.

इकडे पुण्या-मुंबईत, फीचे आकडे लाखांत असलेल्या आयबी शाळांमधली मुलं अकरावीत एनजीओ काढतात. आधी लोगो ठरतो, मग इन्स्टाग्रामचं पान, मग काम. मुळशी-मावळाकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शनिवारी एक गाडी येते, वाचनालय देऊन जाते. रविवारी दुसरी येते, कोडिंग शिकवून जाते. शाळेत संगणक दोन, त्यातला एक चालू, पण फोटोला तेवढा पुरतो. गुरुजी सवयीने मुलांना ओळीत उभं करतात. मग जानेवारी उजाडतो, अर्जाची मुदत संपते आणि गाड्या यायच्या थांबतात. त्या पोरांची अशी समजूत झाली तर नवल नाही की शहरात समाजसेवेचाही हंगाम असतो, आंब्याचा असतो तसा.

एनजीओच्या जोडीला संशोधन. पंधराव्या वर्षी शोधनिबंध. मार्गदर्शक परदेशातला पीएचडीचा विद्यार्थी, ताशी दराने. छापणारं नियतकालिकही पैसे घेऊन छापणारं. विषय असतो शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर मशीन लर्निंगचा उपाय. शेतकरी भेटलाय का कधी? पानशेतच्या फार्महाउसवरचा माळी भेटलाय.

पण खरी परीक्षा निबंधाची. विषय मोकळे असतात, सात दिलेले असतात, त्यातला सातवा तर 'हवं ते लिहा' असाच आहे. तरी पोरं फिरून फिरून तीन ठिकाणी येतात. आजी, डबा आणि गुडघा. गुडघा म्हणजे फुटबॉल खेळताना लिगामेंट तुटलं, सहा महिने घरी बसलो, मग जिद्दीने परत मैदानात उतरलो. डबा म्हणजे शाळेत मेथीची भाजी उघडली, गोरी मुलं नाक मुरडून बाजूला सरकली, मला लाज वाटली, नंतर अभिमान वाटला. प्रवेश कचेरीत बसून वर्षाला शेकडो निबंध वाचणाऱ्या माणसाच्या नाकाशी आता ही मेथी कायमची बसली असेल.

आणि आजी. आजीचं काम या दिवसांत फार वाढलंय. सदाशिव पेठेत तिला न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल येतो.

'आजी, तू फाळणी पाहिलीस?'

'अरे, मी ५२ सालची.'

'मग तो पानशेतचा पूर?'

'तेव्हा नऊ वर्षांची होते. कऱ्हाडला होते, मामाकडे.'

'आणीबाणी?'

'गाड्या वेळेवर धावायच्या म्हणतात. आम्ही काही प्रवास केला नाही.'

नातू डोक्याला हात लावतो. इतकं सुखाचं आयुष्य काढून आजीने त्याचं केवढं नुकसान करून ठेवलं!

आता कोणी म्हणेल, आपल्याकडची पद्धत काय मोठी गोमटी? मुळीच नाही. जेईई मेन म्हणजे ७५ प्रश्न, ३०० गुण, उत्तर चुकलं की एक गुण वजा. त्यासाठी आठवी-नववीपासून पोरांना कोंडून घालतात, कॉलेजात नाव एकीकडे आणि देह क्लासमध्ये. राज्य सरकारला २०१८ साली अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी आणावी लागली, यावरून कॉलेजात किती जण फिरकत होते ते समजून घ्या. लाखो मुलांना एका टक्क्याच्या दशांशावर तोलणाऱ्या त्या यंत्राची बाजू घ्यायची माझी तयारी नाही. एवढंच म्हणतो की तो पेपर भौतिकशास्त्र विचारतो आणि घरी पाठवतो. तुझी आजी कशी आहे, तू मनाने कसा आहेस, एकटा असताना काय विचार करतोस, हे विचारत नाही. नापास झालास तर भौतिकशास्त्रात नापास होतोस. तिकडे नकार येतो तो तुझ्या सगळ्या असण्याला. सतराव्या वर्षी.

हे व्यक्तिमत्त्वाचं खूळ आलं कुठून, ही गोष्ट आपल्या पालकांनी ऐकण्यासारखी आहे. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळायचा. परीक्षा म्हटली की अभ्यास करणारे पुढे जातात, त्यामुळे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली मुलं भराभर आत येऊ लागली. १९२२च्या सुमारास नव्या तुकडीत पाचात एक ज्यू होता. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी १५ टक्क्यांची मर्यादा घालायचा घाट घातला, बोभाटा झाला, प्राध्यापकांच्या समितीने नकार दिला. मग दुसरा रस्ता निघाला. १९२६पासून गुणांच्या जोडीला 'चारित्र्य' पाहायचं ठरलं. अर्जासोबत फोटो मागवला जाऊ लागला. चारित्र्य फोटोत दिसतं की नाही ते माहीत नाही, पण नाक दिसतं. ज्यू मुलांचं प्रमाण खाली आलं आणि कोटा असल्याचं कुठे लिहावंही लागलं नाही. बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी २००५ साली 'द चोझन' या जाडजूड ग्रंथात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचा हा सगळा व्यवहार कागदपत्रांनिशी मांडलाय.

म्हणजे ज्या 'संपूर्ण माणूस पाहतो आम्ही' या पद्धतीचं कौतुक आपण माना डोलावून ऐकतो, ती संपूर्ण माणूस बाहेर ठेवण्यासाठी निघाली होती.

पुढचा अंक २०१४ सालचा. आशियाई अर्जदारांच्या वतीने हार्वर्डवर खटला भरला गेला आणि आतली दप्तरं उघडावी लागली. तिथे प्रत्येक अर्जाला वेगवेगळे गुण देतात. अभ्यासाचे, उपक्रमांचे, खेळाचे आणि एक 'व्यक्तिगत' म्हणून, ज्यात मोकळेपणा, धैर्य, दयाळूपणा असलं काय काय येतं. आशियाई मुलं अभ्यासात वरचढ होती, उपक्रमांतही मागे नव्हती, आणि या व्यक्तिगत गुणांत मात्र सरासरीने खाली. मुलांना समोर बसवून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ती तशी वाटली नव्हती. ज्यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं अशा कचेरीतल्या मंडळींना ती कमी दयाळू वाटली, असं फिर्यादींच्या अर्थतज्ज्ञाने आकडे मांडून दाखवलं. खालच्या न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ला वंश लक्षात घेऊन प्रवेश देण्याची पद्धतच मोडीत काढली. व्यक्तिमत्त्वाचे गुण मोजणं काही मोडीत निघालं नाही.

यावर आपल्या लोकांनी काय केलं? दुसरा कुठला समाज चिडला असता, निदान हसला असता. आपण क्लास लावला.

व्यक्तिमत्त्वाचा क्लास. आठवीपासून. 'प्रोफाइल बिल्डिंग' म्हणतात त्याला. पहिल्या बैठकीत समुपदेशक मुलाला विचारतो, तुझी पॅशन काय? मुलगा म्हणतो, क्रिकेट बघायला आवडतं. आई त्याला कोपराने ढोसते. समुपदेशक हसून म्हणतो, हरकत नाही, आपण शोधू. चार वर्षांच्या पॅकेजमध्ये पॅशन सापडून मिळते. ती साधारण पर्यावरण, मानसिक आरोग्य किंवा मुलींचं शिक्षण या तिघांपैकी एक निघते. मुलगा मनाने खरोखर काय आहे, हे ठरवायला तीन मोठी माणसं आणि एक एक्सेल शीट लागते. शेवटी निबंध वाचून कॉलेजने म्हणावं, किती सहज, किती प्रामाणिक! त्यासाठी बारा खर्डे होतात.

सहजपणा विकत मिळतो, हे उघड झाल्यावर पुढचा प्रश्न: कोणाला मिळतो? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या सुमारे ६० हजार अर्जांमधल्या निबंधांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. घरच्या उत्पन्नाचा संबंध सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांशी होताच, पण मुलं निबंधात काय लिहितात त्याच्याशी तो अधिक घट्ट निघाला. परीक्षा श्रीमंतधार्जिणी म्हणून निबंधावर भर द्या म्हणणाऱ्यांनी हे वाचून थोडं पाणी प्यावं. करोनात बहुतेक कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ साली ती परत सक्तीची केली, २०२४मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड त्याच वाटेने गेले. कारण देताना बहुतेकांचा सूर एकच होता: गरीब घरातला हुशार मुलगा ओळखायला गुण कामी येतात. बिचाऱ्या मुलाकडे स्क्वॉशचं कोर्ट नसतं, शोधनिबंधाचा मार्गदर्शक नसतो, एक गणित तेवढं असतं.

स्क्वॉशचं नाव उगाच नाही घेतलं. या कॉलेजांत खेळाडूंच्या जागा असतात आणि खेळ म्हणजे फक्त फुटबॉल-बास्केटबॉल नव्हे. नौका वल्हवणं, तलवारबाजी, स्क्वॉश, पाण्यातला पोलो. यातलं काही म्युनिसिपालिटीच्या शाळेच्या पटांगणात शिकवत नाहीत. मुंबईच्या जिमखान्यांत काही घरांनी हे कधीच ताडलंय. पोरगं रॅकेट धरण्याएवढं झालं की कोर्टवर. खो-खोला मात्र अजून आयव्ही लीगमध्ये संघ नाही, त्यामुळे सांगलीच्या पोरींनी कितीही चपळाई दाखवली तरी ती वाया.

मग वारसा. आईबाप तिथेच शिकलेले असले की पोराचं पारडं जड. हार्वर्डच्या खटल्यात बाहेर आलेले आकडे असे: वारसदारांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण शंभरात तेहतिसाच्या आसपास, बाकीच्यांना सहा. त्याच दप्तरांवरून अर्थतज्ज्ञांनी काढलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के हे खेळाडू, वारसदार, कर्मचाऱ्यांची मुलं किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतले. खास यादीत कोण असतं? ज्यांच्या घरून इमारती येतात ते. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवलं की गुण अगदी सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना आयव्ही आणि तत्सम कॉलेजांत जागा मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त. आपले पालक ६५० शब्दांवर बारावा हात फिरवत असताना शेजारच्या पोराच्या नावाने ग्रंथालय उभं राहत असतं.

आणि ज्यांना ग्रंथालय परवडत नाही पण घाई आहे, त्यांच्यासाठी रिक सिंगर नावाचा गृहस्थ होता. तो स्वतःच सांगायचा, पुढचं दार गुणांचं, मागचं दार देणगीचं, मी बाजूचं दार बांधलंय. बाजूच्या दाराने प्रशिक्षकांना लाच जायची आणि कधी होडीत न बसलेली मुलं वल्हवण्यातले पट्टीचे खेळाडू म्हणून आत जायची. काहींच्या फोटोंत दुसऱ्याच्या धडावर यांचं डोकं बसवलेलं. गिऱ्हाइकांकडून अडीच कोटी डॉलर गोळा झाले. मार्च २०१९ मध्ये सगळं फुटलं, जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. एका हॉलिवूड अभिनेत्रीने मुलीचे सॅटचे गुण वाढवून घ्यायला १५ हजार डॉलर मोजले, तिला १४ दिवस. मागच्या दाराने गेलेल्यांना काही झालं नाही. ते कायदेशीर आहे.

सगळी मुलं बनेल असतात असं नाही म्हणत. मंडळात मनापासून तबला शिकणारी पोरगी असते, जिल्हा परिषदेच्या शाळेत जानेवारीनंतरही जाणारा एखादा पोरगा असतो. गंमत अशी की कागदावर ती आणि पॅकेजवाली सारखीच दिसतात. १५० अक्षरांत खरं आणि खोटं वेगळं करायला देव लागेल, प्रवेश अधिकारी नव्हे. खरं शिकणाऱ्या पोरीचा तबला या शर्यतीने स्वस्त करून टाकला, हा मला या प्रकारातला सर्वांत मोठा गुन्हा वाटतो. एनजीओची नाटकं त्यामानाने किरकोळ.

माझा निकाल सरळ आहे. मुलांना चांगलं वाचू द्या, गणित पक्कं होऊ द्या, सॅट द्यायची असेल तर नीट तयारीने द्या, आणि संध्याकाळी खेळायला सोडा. एनजीओ काढायची हौस पालकांना असेल तर पालकांनी काढावी, स्वतःच्या नावाने, आणि ती मुलगा कॉलेजात गेल्यावरही चालवून दाखवावी.

आणि समुपदेशकाला पहिला हप्ता देण्याआधी एक हिशेब घरी बसून करा. भारतातून अर्ज करणाऱ्या आणि आर्थिक मदत लागणार असलेल्या मुलाकडे पैशाचा विचार न करता पाहणारी कॉलेजं मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अशीच आणखी दोन-चार. बाकी ठिकाणी मदतीच्या रकान्यात खूण केली की पारडं हलकं होतं, आणि वर्षाचा सगळा खर्च तर ८० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. १ नोव्हेंबरची 'अर्ली डिसिजन' म्हणजे घेतलंत तर यावंच लागेल असा करार, तो मदतीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांसाठी नाही. एडिसन-फ्रीमाँटच्या पालकांसाठी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचं गणकयंत्र असतं, २०११पासून कायद्याने सक्तीचं. बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ताही जाहीर करतात. त्यातल्या सी-७ या भागात निबंधाला किती वजन, गुणांना किती, वारशाला किती, ते कॉलेजने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. हे सगळं वाचायला एक रविवार पुरतो आणि त्याला फी नाही.